दलाल स्ट्रीट ते राजाबाई टॉवर : भाव आणि मन

मुंबईच्या फोर्ट विभागात हॉर्निमन सर्कल नावाचा वर्तुळाकार चौक आहे. मध्ये लोखंडी कुंपणाची बाग, तिच्या भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती आणि पूर्वेला जुन्या टाऊन हॉलच्या रुंद पायऱ्या व उंच खांब असा त्याचा थाट आहे. टाऊन हॉल १८३३ साली पूर्ण झाला. त्याच्या समोरच्या मोकळ्या जागेत एके काळी कापसाच्या गाठींच्या राशी लागत, म्हणून तिला ‘कॉटन ग्रीन’ म्हणत. पुढे कापूस कुलाब्याकडे गेला, मैदानाची बाग झाली आणि स्वातंत्र्यानंतर चौकाला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे निर्भीड संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे नाव मिळाले. आज दुपारी या बागेत कचेऱ्यांतील माणसे डबा खायला बसतात. भारतातील शेअरबाजाराचा आरंभ याच परिसरात एका वडाच्या सावलीत झाला, हे त्यांच्यापैकी थोड्यांच्याच ध्यानी असते.

१८५५ च्या सुमारास टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली बावीस दलाल जमत. ना कचेरी, ना फलक. शब्द हाच करार आणि ओळख हीच हमी. त्या वडापासून निघून दलाल स्ट्रीटवरून राजाबाई टॉवरपर्यंत जाणारी वाट पायी अर्ध्या तासाचीही नाही. पण मुंबईच्या व्यापाराचे पावणेदोनशे वर्षांचे सुखदुःख तिच्यावर पसरलेले आहे. व्यापारी घराण्यातील माणसाने ही वाट एकदा सावकाश चालून पाहावी. पैसा बुडतो तो दर वेळी हिशेब न आल्यामुळे नव्हे, ही गोष्ट येथे पावलोपावली दिसते. पुष्कळदा तो हिशेब उत्तम येणाऱ्यांचाच बुडतो, कारण ऐन वेळी मन हिशेबाच्या वहीवर हात ठेवते आणि हात ठेवला आहे हे माणसाला कळतही नाही.

वडाखालची गर्दी

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, तेव्हा गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे मोर्चा वळवला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. कापसाचा नफा खरा होता. त्यामागे माल होता, जहाजे होती, गिऱ्हाईक होते. परंतु एवढा पैसा एकाएकी हाती आला की तो स्वस्थ बसू देत नाही. नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांच्या आसपास गेला. जमीन अजून समुद्राखाली होती आणि तिचा कागद मात्र हातोहात फिरत होता.

या तेजीचा मध्यबिंदू होते प्रेमचंद रायचंद. १८३१ साली सुरतेच्या जैन कुटुंबात जन्मलेला हा माणूस तरुण वयात मुंबईच्या बाजाराचा अनभिषिक्त राजा झाला. त्यांनी हात लावलेला कागद चढणारच, अशी लोकांची समजूत होती. आणि सगळ्यांचीच ती समजूत असल्यामुळे काही काळ तो चढतही असे. कळपाच्या मागे जाण्याची मनाची ओढ अशी स्वतःचा पुरावा स्वतःच निर्माण करते. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण घ्यावे, आपण घेतले म्हणून भाव वाढावा आणि भाव वाढला म्हणून शेजाऱ्याचे बरोबर होते असे ठरावे, असे हे चक्र फिरत राहते. या चक्रात कोणीही कंपनीची वही उघडून पाहत नाही. ती पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ ही वायद्यांच्या पूर्ततेची तारीख होती. त्या दिवशी घेणाऱ्याकडे पैसा नव्हता आणि देणाऱ्याच्या कागदाला मोल नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. अनेक मातबर पेढ्यांनी दिवाळे काढले. स्वतः प्रेमचंदही त्यात होरपळले.

या इतिहासात खरा विचार करायला लावणारी गोष्ट ही की बुडालेले लोक अडाणी नव्हते. कापसाच्या प्रतीचा अंदाज ते बोटांच्या स्पर्शाने घेत, हुंडीचे व्याज तोंडी काढत. युद्ध कधी तरी संपणार, हेही प्रत्येकाला ठाऊक होते. पण चार वर्षे सतत भाव चढताना पाहिलेल्या मनाला चढणे हाच बाजाराचा धर्म वाटू लागतो. शिवाय सहज मिळालेल्या नफ्याला माणूस स्वतःच्या कष्टाचा पैसा मानत नाही. ‘हा बाजाराचाच पैसा, गेला तर बाजारात गेला’ असे म्हणून तो मुद्दलावर कधीही घेतला नसता असा धोका नफ्यावर घेतो. त्याच पैशाने मुलाचे शिक्षण झाले असते किंवा दुकानाचे कर्ज फिटले असते, हा विचार मागाहून सुचतो.

बातमीच्या रस्त्याने

चौकातून दक्षिणेकडे जो रस्ता निघतो, त्याचे नाव मुंबई समाचार मार्ग. १८२२ साली सुरू झालेले आणि आजही निघणारे ‘मुंबई समाचार’ हे गुजराती वृत्तपत्र व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. बातमीचा हा रस्ता थेट दलाल स्ट्रीटला जाऊन मिळतो, हा नगररचनेचा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

बातमी हवीच, तिच्यावाचून व्यापार आंधळा. पण मनाची एक खोड अशी की जी गोष्ट कालच कानी आली, जी ठळक आणि भयंकर आहे, ती त्याला सर्वांत खरी वाटते. २३ मार्च २०२० रोजी महामारीच्या भीतीने सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी घसरून २५,९८१ वर बंद झाला. त्या आठवड्यात जग बुडणार असे वाटणे स्वाभाविक होते, आणि अनेकांनी वर्षानुवर्षे जपलेले चांगल्या कंपन्यांचे शेअर त्या भयाच्या भरात काढून टाकले. जानेवारी २०२१ मध्ये त्याच निर्देशांकाने ५०,००० चा टप्पा ओलांडला. विकताना ज्यांना पैशाची खरी गरज होती, त्यांची गोष्ट वेगळी. ज्यांना गरज नव्हती, त्यांनी कंपनीच्या नव्हे, बातमीच्या भावाने विक्री केली.

दुसरी खोड याहून सूक्ष्म आहे. एकदा शेअर घेतला की माणूस बातमी शोधत नाही, दुजोरा शोधतो. कंपनीचे गुण सांगणारा मजकूर तो शेवटपर्यंत वाचतो आणि दोष सांगणारा अर्ध्यावर सोडतो. घरात विवाहाचे स्थळ पाहताना चार ठिकाणी चौकशी करणारा, उणे-अधिक विचारणारा वडीलधारा माणूस पैशाच्या बाबतीत मात्र एकाच मित्राच्या होकारावर थांबतो.

नंदीसमोर

दलाल स्ट्रीट हा लहानसा, दाटीचा रस्ता. त्याच्या तोंडाशी मुंबई शेअरबाजाराची ‘फिरोज जीजीभॉय टॉवर्स’ ही उंच इमारत उभी आहे. वडाखालचे दलाल जागा बदलत बदलत अखेर या भागात स्थिरावले आणि १८७५ साली त्यांनी आपली रीतसर संघटना स्थापन केली. दहा वर्षांपूर्वीच्या पडझडीचे चटके तेव्हा ताजे होते. मोकळ्या रस्त्यावरच्या शब्दाला नियमांची चौकट हवी, हे शहाणपण त्यातूनच आले असावे. १९९५ पर्यंत येथे दालनात उभे राहून, ओरडून आणि हातांच्या खुणा करून सौदे होत. त्या वर्षी संगणकावर व्यवहार सुरू झाले आणि तो कोलाहल शांत झाला. आता बाजार पाहायला येणाऱ्याला बाजार दिसत नाही. दिसतो तो दर्शनी भागावर सरकणाऱ्या आकड्यांचा पट्टा आणि खाली ब्राँझचा उसळता बैल.

हा बैल सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवला. बैल हे तेजीचे चिन्ह. तो येथे बसवला गेला जानेवारी २००८ मध्ये. त्याच महिन्यात सेन्सेक्सने २१,००० ची पातळी ओलांडली होती. २१ जानेवारीला बाजार १,४०० अंकांहून अधिक घसरला आणि ऑक्टोबर अखेरीस निर्देशांक ८,००० च्याही खाली जाऊन आला. यात शिल्पकाराचा वा शिल्पाचा काही दोष नाही. पण उत्सव करावासा वाटतो तो क्षण बहुधा कोणता असतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या बैलासमोर उभे राहून तोट्याविषयी बोलले पाहिजे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक सिद्धांत मांडला. शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचे दुःख मनाच्या तराजूत समान उतरत नाहीत. दुःखाचे पारडे पुष्कळ जड असते. पुढील अंदाजांत ते सुमारे दुप्पट भरले. काहनेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्वर्स्की त्याआधीच, १९९६ साली, निवर्तले होते.

या विषम तराजूमुळे एक विचित्र गोष्ट घडते. नफ्यातला शेअर माणूस घाईने विकतो, कारण हाती आलेला आनंद निसटण्याची भीती असते. तोट्यातला शेअर तो वर्षानुवर्षे सांभाळतो, कारण विकला तर दुःखावर शिक्का बसतो. टेरन्स ओडीन या अमेरिकी अभ्यासकाने एका दलाली पेढीतील दहा हजार खात्यांचे व्यवहार तपासून १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. लोकांनी विकलेल्या नफ्यातील शेअरनी पुढच्या वर्षभरात, त्यांनी जपून ठेवलेल्या तोट्यातील शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्के अधिक परतावा दिला. म्हणजे लोक दुधाळ गाय विकत होते आणि भाकड गाय दावणीला बांधत होते.

आता हाच माणूस आपल्या दुकानात कसा वागतो, ते पाहावे. कापडाच्या दुकानात एखादा वाण चालला नाही, तर सणाचा हंगाम सरताच तो सूट देऊन काढला जातो. कडधान्याचा व्यापारी कीड लागण्याची वाट पाहत नाही. पडून राहिलेल्या मालावर व्याज चढते, जागा अडते आणि नवा माल घ्यायला भांडवल उरत नाही, हे व्यापाऱ्याच्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. ‘घेतल्या भावालाच विकीन’ असा हट्ट धरणाऱ्या दुकानदाराला बाजारपेठ हसते. परंतु गल्ला बंद करून तोच दुकानदार शेअरकडे पाहतो, तेव्हा म्हणतो, ‘घेतल्या भावाला आला की काढून टाकू, विकला नाही तोवर तोटा कसला?’ दुकानात ज्याने खरेदीभाव विसरून आजचा भाव पाहिला, त्याचेच मन येथे खरेदीभावाच्या खुंटीला बांधले जाते. कंपनीला मात्र तो भाव ठाऊक नसतो आणि बाजाराला त्याची पर्वा नसते.

शेअर कोणत्या भावाने घेतला, हा प्रश्न म्हणून बाजूला ठेवावा. आज ही रक्कम रोख हातात असती, तर हाच शेअर आजच्या भावाने घेतला असता काय, एवढेच स्वतःला विचारावे. उत्तर ‘होय’ असेल तर ठेवावा. ‘नाही’ असेल तर तो पडून राहिलेला माल समजावा. व्यापाऱ्याला नवी विद्या शिकायची नाही. जी विद्या दुकानात रोज वापरतो, ती उंबऱ्याबाहेर न्यायची आहे.

खिशातला बाजार

दलाल स्ट्रीट आज शांत आहे, याचे कारण ती सांगली, लातूर, जळगाव, सोलापूर अशा गावोगावच्या खिशांत गेली आहे. एके काळी सौदा करायला दलालाकडे निरोप धाडावा लागे. निरोप पोहोचेपर्यंत रागाचा किंवा लोभाचा भर ओसरण्याची शक्यता तरी असे. आता बोट टेकवले की सौदा पूर्ण होतो, आणि मनाला स्वतःकडे पाहायला तेवढीही उसंत मिळत नाही.

ब्रॅड बार्बर आणि ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातील ६६,४६५ अमेरिकी कुटुंबांची खाती तपासली. बाजाराने वर्षाला सरासरी १७.९ टक्के परतावा दिला, तेव्हा सर्वाधिक खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या पदरी ११.४ टक्केच पडले. त्यांच्या पुढील अभ्यासात पुरुष स्त्रियांपेक्षा ४५ टक्के अधिक उलाढाल करतात आणि त्यापायी अधिक परतावा गमावतात, असे आढळले. ज्या घरांत पैशाचे निर्णय सांगताना ‘बायकांना यातले काय कळते’ असे अजूनही ऐकू येते, त्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

आपल्याकडची स्थिती अधिक गंभीर आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. अशा लोकांची संख्या एक कोटीहून अधिक होती आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे : तोटा सोसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी तोच व्यवहार पुढे चालू ठेवला. शंभरात सात जण तरतात हे ऐकल्यावर प्रत्येक जण स्वतःला त्या सातांत धरतो. अतिविश्वास तो हाच.

व्यापारी कुटुंबात या अतिविश्वासाची किंमत एकट्याला मोजावी लागत नाही. आरंभी शिलकीतील रक्कम जाते. मग ‘एकदा भरून काढू’ म्हणून दुकानाचे खेळते भांडवल जाते, मग पुरवठादाराची देणी लांबतात, आणि सर्वांत शेवटी घरात सांगितले जाते. तोवर भावांमधला विश्वास, आईच्या अंगावरचे सोने आणि तीन पिढ्यांनी कमावलेली पत पणाला लागलेली असते. तोटा लपवण्याची सुरुवात होते, तोच खऱ्या नुकसानीचा दिवस.

मनोऱ्याच्या पायथ्याशी

दलाल स्ट्रीटवरून पश्चिमेकडे निघून, महात्मा गांधी मार्ग ओलांडून, उच्च न्यायालय व विद्यापीठ यांच्या दर्शनी बाजूला आले की ओव्हल मैदान लागते. या रस्त्याला कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था उभारली आणि संपत्तीचा एक वेगळाच अर्थ महाराष्ट्राला दाखवला. मैदानापलीकडे चर्चगेट स्टेशन आणि त्याही पुढे मरीन ड्राइव्ह. ज्या समुद्रातील जमीन १८६४ साली कागदावर विकली गेली, तेथे पक्की जमीन उभी राहायला विसावे शतक उजाडावे लागले. कल्पना चुकीची नव्हती. तिला दिलेला भाव आणि तिची वाट पाहण्याची मुदत, दोन्ही चुकले होते.

विद्यापीठाच्या आवारात २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर उभा आहे. आराखडा इंग्लंडचे वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. बांधकाम १८६९ ते १८७८. खाली ग्रंथालय, वर घड्याळ. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली, म्हणजे तेजीच्या ऐन भरात, ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले, आणि मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे एवढी इच्छा व्यक्त केली. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. त्या तेजीतील बहुतेक कंपन्यांची नावेही आज कोणाला आठवत नाहीत; बाजारातून काढून वेळीच बाजूला ठेवलेला हा पैसा मात्र दगडाच्या रूपाने उभा आहे.

राजाबाईंविषयी एक आख्यायिका परंपरेने सांगितली जाते. त्या दृष्टिहीन होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम कटाक्षाने पाळत. सूर्य त्यांना दिसत नसे. म्हणून घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी, हा मुलाचा हेतू होता. आख्यायिकेचा ऐतिहासिक कस काहीही असो, तिच्यातील व्यवहारज्ञान पक्के आहे. सूर्य कधी मावळला हे ज्याला दिसत नाही, त्याने अंदाजावर विसंबू नये; बाहेरचा टोला मानावा.

गुंतवणूकदाराची अवस्था नेमकी अशीच असते. लोभ, भीती, हट्ट, अतिविश्वास हे मनाचे कल ज्याचे त्याला दिसत नाहीत. त्यांची माहिती झाल्याने ते नाहीसे होत नाहीत. स्वतः काहनेमन यांनीही आयुष्यभराच्या अभ्यासानंतर आपले मन फारसे सुधारले नसल्याचे मोकळेपणाने सांगितले होते. उपाय आहे तो शांत वेळी ठरवलेल्या मर्यादेत. जैन गृहस्थाला परिग्रहपरिमाण नवे नाही. संपत्तीची सीमा आधी ठरवायची असते. मोह समोर उभा राहिल्यावर ती मोजायला बसले, तर ती हमखास वाढते. चौविहार पाळणारा माणूस सूर्यास्ताच्या वेळी भुकेचा सल्ला घेत नाही.

याचे व्यवहारातले रूप साधे आहे. शेअर घेण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहाव्यात : का घेतला, घरच्या एकूण शिलकीचा कितवा हिस्सा यात घातला, आणि काय घडले म्हणजे विकायचा. दुकानाचे भांडवल आणि बाजाराचा पैसा यांची खाती वेगळी असावीत. एकाचे पाणी दुसऱ्या शेतात जाऊ देऊ नये. भाव रोज पाहू नये, कारण जितक्या वेळा पाहावे तितक्या वेळा घसरण दिसते, आणि प्रत्येक घसरण दुप्पट टोचते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या हिशेबाबरोबर, ही वही घरातील दुसऱ्या कोणी तरी वाचावी. ती पत्नी असो, भाऊ असो की शिकलेली मुलगी. वाचणाऱ्याला बाजारातले फारसे कळले नाही तरी चालेल. लिहिलेले आणि केलेले जुळते की नाही, एवढेच त्या व्यक्तीने विचारावे.

दुपारी साडेतीनला शेअरबाजाराचे व्यवहार संपतात. त्यानंतर तासा-दोन तासांनी फोर्टमधील गर्दी ओव्हलच्या कडेने चर्चगेटकडे वाहू लागते. चालताना कित्येकांचे डोळे हातातल्या पडद्यावर असतात. मनोऱ्याचे टोले त्यांच्या डोक्यावरून जातात. दर पंधरा मिनिटांनी ते पडतातच. ऐकण्यासाठी मात्र पडद्यावरून मान वर करावी लागते.